नऊ इंच

मी ठोकळा बोलतोय. केनवडच्या पंचफुलाबाईंच्या चक्कीपुढे पडलेला असतो ना, तोच. दळण घेऊन आला असाल, तर तुम्ही माझ्यावर डबा ठेवला असेल, अडखळून मला एखादी शिवीही हासडली असेल. पण माझ्याकडे नीट पाहिलं मात्र नसेल. त्याचा मला राग नाही. पायाखालच्या वस्तूकडे कोण पाहतं?

मी मात्र तुम्हाला पाहिलंय. म्हणजे तुमची पावलं. माझ्या उंचीवरून तीच आधी दिसतात, आणि बहुतेकदा तेवढी मला पुरतात. 'पीठ कमी भरलं' म्हणून भांडायला आलेल्या माणसाच्या टाचा आधी वर होतात, आवाज मागून चढतो. लाजऱ्या माणसाचा अंगठा जमीन उकरत राहतो. चेहऱ्यावर हसू ठेवून आलेल्या कितीतरी माणसांची दुखणी मी चपलांवरून ओळखली आहेत.

माझा जन्म एका मोडक्या बैलबंडीतून झाला. शालिग्रामभाऊंनी बैल विकले, त्या पैशांत चक्की घेतली, आणि बैलाविना बंडी अंगणात पडून राहिली. शालिग्रामभाऊ सहा फुटांचे. त्यांची बायको पंचफुला साडेचार फुटांची. त्यांच्या लग्नात म्हणे मंगलाष्टकं म्हणणाऱ्यालाही हसू आवरेना, आणि गावातल्या बाया पुढे वर्षभर विचारत होत्या, "काहो शालिग्रामभाऊ, लेकराले शायेत कवा घालता?"

चक्की आली, पण तिचं धान्य ओतायचं तोंड पंचफुलाबाईंच्या हाताला पुरेना. त्या तेलाच्या पालथ्या डब्यावर चढल्या, डबा घसरला आणि मनगट मुरगळलं. त्याच दिवशी शालिग्रामभाऊंनी त्यांना चक्कीशी उभं करून हात वर करायला लावला. हात आणि चक्कीचं तोंड यांत किती अंतर राहतं ते वितीने मोजलं. नऊ इंच भरलं. मग बंडीच्या बाभळीच्या फळ्या काढून सुताराकडून नऊ इंच उंचीचा, दोन पावलं ऐसपैस मावतील असा मी घडवून घेतला. "चढ बरं, पंचफुले," ते म्हणाले. त्या चढल्या. आधी उजवं पाऊल, मग डावं. माझ्यावर पडलेली ती पहिली पावलं. पंचवीस वर्षं मी त्यांना उचलून धरलं.

मग शालिग्रामभाऊ गेले. त्यानंतर आठ वर्षं पंचफुलाबाई माझ्यावर चढल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणायच्या. गुडघे तर आधीही दुखत होते, पण मी काही बोललो नाही. चक्की मुलाने, शिवमने हाती घेतली. शिवमने बापाचं नाक घेतलं, रंग घेतला, आणि उंची घेतली आईची. पाच फूट, त्यावर एक दोराही नाही. शाळेत पोरं त्याला 'ठोकया' म्हणायची. म्हणून असेल, पण मला तो पहिल्यापासून आपल्यातलाच वाटतो.

शिवमला चार स्थळं आली आणि चारही परत गेली. पाहुणे यायचे त्या दिवशी तो जाड तळव्याचे बूट घालायचा आणि बूट काढून आत जायची वेळ आली, की दारातच घुटमळायचा. चौथ्या वेळी मुलीचा मामा जाता जाता चक्कीपुढे उभा राहून आपल्या माणसांना म्हणाला, "पोरगा चांगला हाये, पन अर्धाच हाये." शिवम आत पट्टा बसवत होता. त्याने ते ऐकलं. त्या दिवसापासून धान्य ओतायचं नसलं तरी तो माझ्यावर उभा राहू लागला. गिऱ्हाइकाशी बोलायचं तर माझ्यावरून, हिशेब सांगायचा तर माझ्यावरून. मला बरं वाटायचं. माझं चुकलंच ते, पण तेव्हा बरं वाटायचं.

अशात एक दिवस रिसोडचा पवन आला. पवन लग्नाचं शूटिंग करतो. अकरा वर्षांत त्याने पंचक्रोशीतला एकही जोडा सोडलेला नाही. आता त्याच्या डोक्यात सिनेमा घुसला होता. आपल्या बोलीत, आपल्या गावात, मोबाइलवर सगळ्यांना पाहता येईल असा हसवणारा सिनेमा. नाव ठरलं होतं, 'ताड अन् भोपया'. गोष्ट अशी, की पोरगी ताडासारखी उंच, पोरगा भोपळ्यासारखा ठेंगणा, दोघांचं जमतं, आणि जोडा विजोड म्हणून पोराची आई रडून गाव गोळा करते.

"शिवमभाऊ, भोपया तूच," पवन म्हणाला.

शिवमने नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारात वैजयंती आली.

वैजयंती गावचीच. भावाकडे राहते आणि रिसोड-वाशीम बसवर कंडक्टर आहे. सुट्टीच्या दिवशी दळण आणते. उंची पाच फूट नऊ इंच. बायकांच्या चपला तिच्या मापाच्या मिळत नाहीत, म्हणून पुरुषांच्या सँडल घालते. तिची पावलं मोठी, स्वच्छ, पण ती कधी सरळ उभी राहायची नाही. एक गुडघा मुडपून, खांदे पाडून, जमेल तितकी लहान होऊन उभी राहायची. दाराची चौकट आणि लोकांची नजर, दोन्हींसाठी तिला वाकायची सवय लागली होती.

तिने हात लांबवून दळणाचा डबा थेट वरच्या फळीवर ठेवला. पवन पाहतच राहिला. "आन हा ताड!" तो ओरडला.

वैजयंती आधी चिडली आणि मग हसली. ती हो म्हणाली, म्हणून शिवमही हो म्हणाला. आईचं काम पंचफुलाबाईंनाच दिलं. त्यांना पाठ करायची गरजच पडली नाही. कॅमेरा सुरू झाल्याबरोबर त्या पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "अशी उंच सून आनतं? तिच्या कपायाले कुकू लावाले मले का शिडी आनशीन?" पवन खूश. त्याला वाटलं, बाई काय अभिनय करते! मला माहीत होतं, बाई मनातलं बोलल्या.

आता पवनची चूक सांगतो. ती दुसऱ्या कोणाच्या हातून झालीच नसती.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचं एक ब्रीद असतं: जोडा बरोबर दिसला पाहिजे. नवरदेव ठेंगणा असला तर त्याला पाटावर उभा करायचा. नवरी उंच असली तर तिला खुर्चीत बसवायची. पाट दिसू नये म्हणून चित्र कमरेपासून वर घ्यायचं. अकरा वर्षं पवन हेच करत आला होता. पहिल्या दिवशी त्याने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि सवयीने म्हणाला, "शिवमभाऊ, तू खालीच राह्यला ना! तो ठोकया आन बरं."

दोघांत फरक नऊ इंचांचा, आणि माझी उंचीही नऊच इंच. शिवम माझ्यावर चढला आणि जोडा अगदी बरोबर झाला.

अठरा दिवस शूटिंग चाललं. माझा सारा जन्म चक्कीपुढे गेलेला, पण या सिनेमाच्या नादाने मी रिसोडचा बसस्टँड पाहिला, सोयाबीनचं वावर पाहिलं, वाशीमचं रेल्वेस्टेशन पाहिलं. म्हणजे तिथली फरशी पाहिली. जिथे जोडा तिथे मी. पहिल्या दिवशी शिवमची बोटं माझी कड घट्ट धरून होती. चार-पाच दिवसांत ती सैल झाली आणि तळवे माझ्यावर सपाट टेकले. समोर वैजयंतीचा मुडपलेला गुडघाही हळूहळू सरळ झाला. तिला वाकायचं कारणच उरलं नव्हतं. माणसाच्या डोळ्यांत समोरासमोर पाहणं म्हणजे काय, हे दोघांना बहुधा पहिल्यांदाच कळत होतं. पवनने 'कट' म्हटल्यावरही ती पावलं लगेच हलायची नाहीत.

ज्या सिनेमात जोडा विजोड दिसायला हवा, त्यात तो बरोबर दिसतोय, हे दोघांच्या लक्षात आलं नसेल का? आलं होतं. पण शिवमला माझ्यावरून उतरायचं नव्हतं आणि वैजयंतीला पुन्हा वाकायचं नव्हतं. म्हणून दोघंही चूप राहिले. मला तर गर्व चढला होता. मला वाटलं, हा जोडा मीच जमवतोय.

चातुर्मासात मुहूर्त नसतात, त्यामुळे रिसोडचं एक मंगल कार्यालय पवनला फुकट मिळालं. भर दुपारी खिडक्या झाकून गावाला सिनेमा दाखवला. प्रोजेक्टरला उंची पुरेना, म्हणून तो माझ्यावर ठेवला. मी जीव मुठीत धरून पाहत होतो. सिनेमाभर मी होतो, आणि एकदाही दिसलो नाही.

पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कोणी हसेना. पडद्यावर पंचफुलाबाई धाय मोकलून रडत होत्या, आणि समोरचे लोक एकमेकांची तोंडं पाहत होते. शेवटी पुढच्या रांगेतून शेजारच्या रामीबाईंनी विचारलं, "कारे पवन, हे माय कायले रडून राह्यली? पोरगी चांगली, पोरगा चांगला, दोघं कसे सारखे दिसतात. जोडा त बरोबर हाये!"

"भांडन कायचं हाये मंग याच्यात?" मागून कोणी म्हणालं.

दिवे लागले. पवनने प्रोजेक्टर खाली ठेवला आणि मटकन माझ्यावर बसला. "अकरा वर्षं लोकाईचे जोडे बरोबर करता करता माया हाताले सवयच पडली ना बापा!" तो कपाळ बडवून म्हणाला. मग उभा राहिला. "ठोकया बाजूले. सगया सिनेमा पुन्हा. पायापासून डोक्यापरेंत दोघंबी."

शिवमने खाली पाहिलं. "माह्याच्यानं नाही होनार," तो म्हणाला. "जसा हाये तसा राहू दे. नाहीतर फेकून दे." आणि मला काखोटीला मारून तो एकटाच केनवडच्या गाडीत बसला. वैजयंती दारात उभी होती. तिचा गुडघा पुन्हा मुडपला होता.

पंधरा दिवस शिवम चक्कीबाहेर पडला नाही. सबंध दिवस माझ्यावर उभा. एवढा वेळ कोणी माझ्यावर उभं राहिलं की मला सुख व्हायचं, पण या पंधरा दिवसांत नाही झालं. त्याचे तळवे थंड असायचे.

सिनेमाचे दोन-चार तुकडे पवनने आधीच मोबाइलवर सोडले होते. ते पाहून वाशीमचं एक स्थळ वैजयंतीला आलं. पोरगी काही फार उंच दिसत नाही, असं त्यांना वाटलं. वाटणारच. गावभर बातमी झाली की वैजयंतीचं जमलं. ती ऐकून शिवमने दोन गिऱ्हाइकांचं दळण एकमेकांत मिसळलं. शिव्या त्याने खाल्ल्या, पीठ मी.

पाहुणे येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी वैजयंती चक्कीवर आली. हातात दळण नव्हतं. अंगावर ड्यूटीचा खाकी ड्रेस होता. शिवम माझ्यावर उभा राहून ज्वारी ओतत होता. पंचफुलाबाई कोपऱ्यात पीठ चाळत बसल्या होत्या.

"चक्की बंद कर," वैजयंती म्हणाली.

"दयन हाये लोकाईचं."

"बंद कर म्हनतो ना!"

शिवमने बटन दाबलं. पट्टा फडफडत थांबला. इतकी शांतता त्या खोलीत मी दिवसाउजेडी कधी ऐकली नव्हती.

"वाशीमचे पाहुने आले होते," ती म्हणाली. "मी उभी राह्यली आन सगयेच चूप झाले. पोरगा मायाहून तीन इंच कमी. त्याची माय म्हने, फोटोत आमी पोराले पाटावर उभं करू, पाट काही दिसत नाही. मी म्हनलं, पाटावर उभा राह्यनारा एक मले माहीत हाये, दुसरा कायले करू? पन जो माहीत हाये तो खाली उतरून मायाशी एक डाव बोलला नाही."

 शिवमच्या अंगठ्याने माझी फळी उकरायला सुरुवात केली. मी मनात म्हणत होतो, उतर रे बाबा, उतर. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं की माझ्यावरचं ओझं कमी व्हावं.

आणि तो उतरला. डावं पाऊल, मग उजवं. पिठाने पांढऱ्या झालेल्या फरशीवर तो तिच्यासमोर उभा राहिला. त्याचं डोकं तिच्या खांद्याला लागत होतं.

"वैजू, मी पाच फुटाचा हावो," तो म्हणाला. "चप्पल घालून."

"मले माहीत हाये. मी पाच फूट नऊ. चप्पल काढून."

"लोक हासतीन."

"हासतीन ना. सहा वर्षं झाले बसमधी मधातच उभी राह्यतो, लोक पाह्यतातच. मले हासन्याचं काही नाही. तू तोंड लपवलं त मले वाईट वाटीन."

शिवमने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "मंग करतं का मायाशी लगन?" त्याने विचारलं.

वैजयंतीने एकदम दोन्ही हात तोंडावर घेतले. मग मान हलवली. एवढी धीट बाई, पण डोळे पुसायला तिला खाकी बाही पुरेना. मलाही भरून आलं. कबूल करायला कसली लाज?

पंचफुलाबाई चाळणी तशीच ठेवून घरात निघून गेल्या.

संध्याकाळी त्या शिवमला म्हणाल्या, "तुया बाप उंच होता, म्या ठेंगनी. लोक जलमभर मले हासले. त्याईले कोनी हासलं नाही. बाई उंच असली त मानसाले हासतात रे. तुले झेपीन का?"

"तुले झेपलं ना?" शिवम म्हणाला.

 पंचफुलाबाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. लग्नाची तयारी मात्र मुकाट्याने करू लागल्या.

सिनेमा पुन्हा काढला. केनवडच्या बस थांब्यावर, सगळ्या गावासमोर. मी कॅमेऱ्याच्या तिवईच्या पायांजवळ बाजूला पडलो होतो. दोघं शेजारी उभी राहिली आणि लोक खो खो हसले. शिवमचा अंगठा माती उकरायला लागला. तेवढ्यात वैजयंतीने आपली सँडल सरकवून त्याच्या चपलेला लावली. अंगठा थांबला. शिवमने वर पाहत विचारलं, "वैजू, वरतं हवा कशी हाये?"

"मोकयी हाये," ती म्हणाली. "येतं का?"

हे पवनने लिहिलेलं नव्हतं. गाव पुन्हा हसलं, पण आता शिवमही त्यांच्यात होता. पवनने ते तसंच ठेवलं. आता तो सिनेमा लोक मोबाइलवर पाहतात, आणि रामीबाईंनाही भांडण कळलं.

तुळशीचं लग्न झाल्यावर यांचं लागलं. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, कारण नवरीला पलीकडचं सगळं दिसत होतं. कितीही वर धरला तरी ती पाहून हसतच होती. हे मला नंतर कळलं. मी चक्कीतच होतो. पवन म्हणे तिथेही सवयीने म्हणाला, "ठोकया कुठं हाये?" आणि नवरा-नवरी दोघंही एकदम "नाही!" म्हणाले.

दिवस कलता वरात दारात आली. चक्की आणि घर यांचा उंबरा एकच. मला सगळं ऐकू येत होतं, आणि उंबऱ्यावरच्या तांदळाच्या मापापुढे थांबलेली ती मोठी, हळदीने पिवळी झालेली पावलं दिसत होती. पंचफुलाबाई ताट घेऊन आल्या. त्यांनी कुंकवाचं बोट वर नेलं. बोट हनुवटीपर्यंत पोचलं. मागे कोणीतरी हसलं. कोणीतरी सिनेमातलं वाक्य म्हटलं, "शिडी आना शिडी!"

वैजयंतीने झटकन गुडघे मुडपले आणि मान खाली घातली. शिवमची पावलं जागीच खिळली होती.

"थांब," पंचफुलाबाई म्हणाल्या. ताट रामीबाईंच्या हाती देऊन त्या चक्कीत आल्या. मला दोन्ही हातांनी उचललं. आठ वर्षांनी. उंबऱ्याशी आणून ठेवलं, पदर खोचला, आणि चढल्या. आधी उजवं पाऊल, मग डावं. भेगा वाढल्या होत्या, पण पावलं तीच. मी फळी अन् फळी घट्ट करून उभा राहिलो.

पवन कॅमेरा घेऊन पुढे सरकला, कमरेपासून वरचं घ्यायला. "मांगं सरक रे," पंचफुलाबाई म्हणाल्या. "खालून घे. ठोकया दिसू दे. मायासाठी कोनं केला ते गावाले माहीत हाये."

मग त्या सुनेकडे वळल्या. वैजयंती अजून वाकलेलीच होती.

"वाकू नोको, माय," त्या म्हणाल्या. "सरय उभी राय. म्या चढली ना वर."

वैजयंती सरळ उभी राहिली. पुरती, पाच फूट नऊ इंच. माझ्यावरच्या टाचा थोड्या उचलल्या गेल्या आणि कुंकू कपाळाला लागलं.

आता माझ्या मधल्या फळीला चीर गेली आहे. शिवमने चक्कीसाठी लोखंडी स्टूल आणलंय. धान्य ओतून झालं की तो लगेच खाली उतरतो. मला सरपणात टाकायची गोष्ट निघाली होती, पण पंचफुलाबाईंनी मला उचलून उंबऱ्याशी ठेवलं. सणावाराला, मंगळवारी-शुक्रवारी त्या सुनेला कुंकू लावतात, आणि त्यांना मी लागतो. संध्याकाळी ड्यूटीवरून आली की वैजयंती माझ्यावर बसून सँडल काढते.

तेव्हा एक विनंती आहे. दळणाच्या घाईत उंबऱ्याशी अडखळलात, तर मला शिवी देऊ नका. मी वाटेत पडलेलो नाही. तिथे माझं काम आहे.